क्लब रेसिंगला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रात राहणाऱ्या हौशी चालकांसाठी आहेत. स्वतःची चारचाकी घेऊन ऑटोक्रॉस, ट्रॅक डे आणि पुढे जमलं तर परवाना काढून रेस, असा रस्ता गृहीत धरला आहे. प्रत्येक स्पर्धेची स्वतःची नियमपत्रिका असते. ती प्रवेशिकेसोबत मिळते, आणि इथल्या मजकुरात व तिच्यात फरक दिसला तर नियमपत्रिकाच खरी.

नवख्याने नेमकी कुठून सुरुवात करावी?

ऑटोक्रॉसपासून. मोकळ्या मैदानात शंकू आणि टेप लावून वळणावळणाचा मार्ग आखतात, एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. आपल्याकडे बहुतेक वेळा मैदान मुरमाचं असतं. वेग फारसा चढत नाही, आजूबाजूला दुसरी गाडी नसते, चूक झाली तर शंकू आडवा होतो आणि काही सेकंदांचा दंड बसतो. त्यानंतर डांबरी ट्रॅकवरचा ट्रॅक डे किंवा टाइम अटॅक. तिथे ट्रॅकवर इतर गाड्या असल्या तरी लढत घड्याळाशीच असते. दाराला दार लावून धावण्याची रेस त्याच्याही पुढची. थेट तिथे उडी मारणाऱ्याचं लक्ष पहिले काही महिने आरशातच अडकलेलं असतं, आणि गाडी चालवायला शिकणं मागे पडतं.

भारतात ट्रॅक कुठे आहेत?

रेसिंगचा बराच भार तीन ट्रॅकवर आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. तो १९९० मध्ये सुरू झाला, लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. त्याआधी मद्रासच्या रेस शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे लहान, साधारण २.१ किलोमीटर. चालक आणि रेसिंग गाड्यांचे निर्माते एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक वळणांमागून वळणं देणारा, म्हणूनच शिकायला फार चांगला. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५ किलोमीटरहून लांब आहे. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली. लांब सरळ पट्ट्यामुळे तिथे ब्रेकची परीक्षा सर्वांत कडक होते, त्यामुळे साध्या हॅचबॅकला पहिला ट्रॅक डे तिथे देऊ नये. कारीला द्यावा.

घराजवळ सरावाला काय आहे?

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात पावसाळा सोडून अधूनमधून ऑटोक्रॉस होतात. मोटरस्पोर्ट क्लबांच्या घोषणांवर लक्ष ठेवावं. बाकी दिवशी कार्टिंग. कोल्हापुरात मोहिते यांच्या ट्रॅकवर घडलेली मुलं पुढे मोठ्या रेसमध्ये गेली आहेत, आणि कोल्हापूरचेच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे स्टिअरिंग जरा जास्त वळवलं तरी वेग गेलेला लगेच जाणवतो. मोठ्या गाडीत ही चूक कळायला वेळ लागतो.

पहाटे घाट रिकामाच असतो. तिथे सराव केला तर?

नाही. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीविना रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवला तरी घाटात वळणाबाहेर पळायला जागा नाही, झेंडेवाला नाही, रुग्णवाहिका नाही, आणि पुढच्या वळणावर दुधाचा टेम्पो आहे. शिवाय रस्त्यावर गाडीच्या पकडीच्या हद्दीपर्यंत कधी जाताच येत नाही, त्यामुळे हद्द कुठे आहे हे कळतही नाही. घाटातला शूर ट्रॅकवरच्या पहिल्या सेशनमध्ये हमखास मागे पडतो.

कोणती गाडी चांगली?

जी आहे ती, जर ती धड असेल तर. मुद्दाम घेणार असाल तर हलकी, पेट्रोल, हातगिअरची आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील अशी. म्हणूनच इतकी वर्षं स्विफ्ट, बलेनो, एस्टीम, पोलो, आय-ट्वेंटी याच गाड्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाड्या उभ्या करायच्या जागेत, दिसतात. १,००० किलोच्या आतली गाडी ब्रेक आणि टायर कमी खाते. उंच एसयूव्ही मुरमावर चालेल, डांबरी ट्रॅकवर नको. सीएनजी किट असेल तर ते अधिकृत ठिकाणी काढूनच या; टाकी डिकीत ठेवून कुणी ट्रॅकवर सोडणार नाही, आणि सोडूही नये.

जुनी गाडी घेताना अश्वशक्तीपेक्षा चेसिस सरळ आहे का ते पाहा. बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनच्या स्ट्रटच्या माथ्याभोवतीचं वेल्डिंग आणि रंग दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. एका बाजूचं सीलंट नवं, गुळगुळीत दिसलं तर गाडी ठोकलेली आहे. तिचं अलाइनमेंट कधीच मनासारखं बसणार नाही.

गाडीत सर्वांत आधी काय बदलावं?

ब्रेक ऑइल. एअर फिल्टर नाही, एक्झॉस्ट नाही, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) तर मुळीच नाही.

कारण साधं आहे. वेग १०० वरून १२० झाला की ब्रेकना मुरवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ट्रॅकवर हे दर मिनिटाला दोन-तीन वेळा घडतं, थंड व्हायला उसंत नसते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू कोसळतो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सिअस सोसावे लागतात. ओल शोषलेल्याला फक्त १५५. कोकणातला एक पावसाळा काढलेलं ऑइल या दुसऱ्या आकड्याकडे निघालेलं असतं.

सीलबंद डब्यातलं चांगलं डॉट ४ किंवा ५.१ घ्या. एका लिटरमध्ये संपूर्ण सिस्टीम नीट बदलून होते. नुसत्या ५ वर जाऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसला चालत नाही. उघडून महिनोन्महिने पडलेला अर्धा डबा वापरू नका, कितीही महागाचा असला तरी. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची तो क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. बाहेर येणारं ऑइल गडद चहासारखं असेल तर ते फिकट पिवळं होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढत राहा.

त्यानंतर पॅड. मूळ पॅडवर ऑटोक्रॉस आरामात होतो. ट्रॅकसाठी निदान ६ मिलिमीटर मटेरियल शिल्लक हवं, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि तिथून ऑइलला पोचते. नवे पॅड बसवले तर मोकळ्या जागी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दाबून वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता हळू चालवून थंड होऊ द्या. पूर्ण थांबलात तर तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरत राहतं.

ट्रॅकवर ब्रेक गेल्यासारखे वाटले. पॅड बदलू की ऑइल?

पायाला काय जाणवलं ते आठवा. पेडल घट्ट होतं पण गाडी थांबत नव्हती, तर पॅड तापून निकामी झाले. पेडल मऊ होऊन तळाला गेलं, तर ऑइल उकळून त्यात वाफ धरली. पहिल्यात पॅड थंड झाले की पकड बरीचशी परत येते, पण काम झेपत नाही हे कळलेलं असतं. दुसऱ्यात गाडी थंड झाल्यावर पेडल वर आलं तरी विश्वास ठेवू नका. ऑइल बदलल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. भर ट्रॅकवर पेडल खाली गेलं तर दोन-तीनदा झपाट्याने पंप करा, गिअर उतरवा, वळण सोडून सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत जा.

आणि सेशन संपवून आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. तापलेल्या मागच्या ब्रेकवर पॅड किंवा शू दाबून ठेवले की ते चिकटतात.

टायर आणि हवा?

पहिल्या वर्षी रोजचेच टायर बरे. ते हद्दीजवळ आले की कर्कश ओरडतात, इशारा देतात. रेसिंगचे कमी नक्षीचे, चिकट सेमी-स्लिक गप्प असतात आणि सुटले की एकदम सुटतात. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी नको, रबर कडक झालेलं असतं.

हवेसाठी स्वतःचा गेज घ्या; पंपावरच्या दोन गेजांत तीन पीएसआयचा फरक सहज निघतो. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या हॅचबॅकला थंड असताना रस्त्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त पुढे भरा, म्हणजे वळणात टायर रिमखाली दुमडत नाही. दर १० अंश तापमानवाढीला साधारण दीड पीएसआय चढतो, त्यामुळे ३४ वर निघालेला टायर ३९-४० होऊन परत येतो. म्हणून परतल्या परतल्या मोजा आणि लिहून ठेवा. कडेला, तळव्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची उभी रेघ मारा. सेशननंतर खडू जिथपर्यंत पुसला गेला तिथपर्यंत टायर दुमडला. कडेवर छोटा त्रिकोण असतो. पुसलेली सीमा त्याच्या जवळ यावी. त्रिकोण ओलांडून खाली गेली तर हवा कमी, पोचलीच नाही तर जास्त.

चाकाचे नट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. पंक्चरवाल्याच्या एअर गनने आवळलेल्या नटांचा भरवसा नाही: एक ढिला, एक इतका घट्ट की स्टड ताणलेला. पहिल्या सेशननंतर, चाकं थंड झाल्यावर, पुन्हा तपासा.

बाइकचं हेल्मेट चालेल का?

छोट्या ऑटोक्रॉसला आयएसआयचं फुल-फेस चालवून घेतात, नियमपत्रिका पाहा. ट्रॅकसाठी स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए वर्गातलं किंवा एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या, मान्यतेचं हेल्मेट घ्या. स्नेलच्या एम वर्गातलं हेल्मेट बाइकसाठी असतं. एसए वर्गातल्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं आणि रोलकेजच्या (केबिनमधल्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) नळीवर पुन्हापुन्हा आपटण्याची चाचणीही त्याने दिलेली असते. माप असं की हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं की गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टर आणि नायलॉन नको, आगीत ते वितळून अंगाला चिकटतात. बूट पातळ तळव्याचे.

फोर-पॉइंट पट्टा लावला तर जास्त सुरक्षित ना?

नाही, नुसता लावला तर धोका वाढतो. गाडीचा मूळ तीन-बिंदूंचा पट्टा, मूळ सीट आणि एअरबॅग एकत्र काम करतात. गाडी उलटून छत खाली आलं तर मूळ पट्ट्यात अंग बाजूला झुकू शकतं. चार बिंदूंचा पट्टा तुम्हाला ताठ खिळवून ठेवतो, आणि समोरून धडकल्यावर कंबरेचा पट्टा पोटावर सरकून शरीर खालून निसटतं. म्हणून क्रम एकत्रच घ्यायचा: रोलकेज, फिक्स बकेट सीट, सहा बिंदूंचा पट्टा आणि मान धरून ठेवणारं हान्स. यातलं काही घ्यायचं नसेल तर मूळ पट्टाच नीट आवळून लावा. एफआयएच्या पट्ट्यांवर आणि सीटवर मुदत छापलेली असते. वापरलेला माल स्वस्तात मिळाला तर आधी ते लेबल वाचा.

स्क्रूटिनीमध्ये, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत, काय पाहतात?

गाडी पळण्याजोगी आहे का, आणि तिच्यातून काही सुटून उडणार तर नाही ना. स्टेपनी, जॅक, पाने, पायपुसण्या, डॅशबोर्डवरचा गणपती, दारातली पाण्याची बाटली सगळं आदल्या रात्रीच बाहेर. ब्रेक पेडलखाली घरंगळत गेलेली बाटली हा नेहमीचा आणि पूर्ण टाळता येण्यासारखा अपघात आहे. बॅटरी हलता कामा नये. हाताने जोर लावून बघतात. धन टर्मिनलवर झाकण हवं. काचेला तडा नको, ब्रेक लाइट लागले पाहिजेत, कुठून तेल गळता कामा नये. अग्निशामक मागितला असेल तर तो लोखंडी ब्रॅकेटने बोल्ट मारून बसवा. प्लास्टिकच्या क्लिपवर स्क्रूटिनियर गाडी परत पाठवतो.

गाडी ओढून न्यायचा टो-हुक घरीच बसवून बघा. डिकीतल्या टूलकिटमधला हुक बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आत फिरवायचा असतो. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात, नेहमीसारखा फिरवला की बसतच नाही. हे स्क्रूटिनीच्या रांगेत कळलं की दमछाक होते.

मुरमावरच्या ऑटोक्रॉसमध्ये कसं चालवावं?

आधी मार्ग पायी फिरा, एकदा नाही, निदान तीनदा. पहिल्या फेरीत नुसता रस्ता, दुसरीत कुठे ब्रेक लावायचा, तिसरीत डोळे मिटून आठवतो का ते. चुकीच्या बाजूने शंकू ओलांडला की त्या फेरीचं सारं गेलं, आणि नवख्यांच्या बहुतेक फेऱ्या अशाच वाया जातात. हळू चालवल्याने क्वचितच.

सुरुवातीला पहिला गिअर आणि अर्धाच ऍक्सिलरेटर. चाकं जागेवर फिरली तर फक्त धूळ उडते. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पाय ऍक्सिलरेटरवर. पुढची चाकं सरळ घसरत असतील तर स्टिअरिंग आणखी वळवू नका, थोडं सोडा. हँडब्रेकची वळणं दिसायला झकास असतात. गोल फिरायच्या एका शंकूपुरती ती कामाची, बाकी सगळीकडे त्यांच्यात वेळ जातो. दुपारपर्यंत वळणांच्या आत खोल चर पडतात, तेव्हा सकाळचा मार्ग विसरून चराच्या बाहेरून जा. काचा पूर्ण बंद. इंजिनखाली लोखंडी गार्ड हवाच, प्लास्टिकचं मूळ आवरण पहिल्याच दगडात फाटतं.

परतताना हायवेवर ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने आतून धुवा, मग बॅलन्सिंगचा विचार करा. एअर फिल्टरही त्याच दिवशी काढून झटका.

ट्रॅकवरचा पहिला दिवस कसा जातो?

आधी ब्रीफिंग. ते चुकवलं तर ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग १५-२० मिनिटांची सेशन. पहिल्या दोन फेऱ्या टायर-ब्रेक गरम करायला, शेवटची ब्रेक जवळपास न वापरता थंड करायला. एका सेशनला एकच गोष्ट ठरवून जा: या वेळी फक्त वळणाच्या बाहेर पडताना नजर कुठे जाते ते, पुढच्या वेळी फक्त ब्रेक सोडायची पद्धत. मागून वेगवान गाडी आली तर आपली रेषा सोडू नका, हात किंवा इंडिकेटरने बाजू दाखवा, ऍक्सिलरेटर थोडा सैल करा. अचानक बाजूला होणारा सर्वांत धोकादायक.

टाकी निदान अर्धी ठेवा. लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकून इंजिन अडखळतं. खप लिटरला ५-६ किलोमीटरवर येतो, त्यामुळे पंप कुठे आहे ते सकाळीच विचारून ठेवा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर हवं. खालच्या खुणेवर असेल तर लांब वळणात पंप हवा खेचतो, लाल दिवा क्षणभर लुकलुकतो आणि बेअरिंग गेलेलं असतं. हा दिवा दिसला तर लगेच इंजिन बंद. तापमानाचा काटा चढला तर हीटर पूर्ण चालू करा, घाम आला तरी चालेल, आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) या.

झेंडे कोणते?

पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे हलवले तर थांबायची तयारी. लाल: सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये. निळा: मागून वेगवान गाडी. पिवळ्यावर लाल पट्टे: ट्रॅकवर तेल किंवा घसरण. काळ्यावर नारिंगी ठिपका आणि तुमचा नंबर: गाडीत बिघाड आहे, आत या. हिरवा: मार्ग मोकळा. चौकड्यांचा: संपलं. पहिल्या फेरीत प्रत्येक मार्शल पोस्ट (झेंडेवाल्यांची चौकी) कुठे आहे ते शोधा. ज्याला पोस्ट माहीत नाही त्याला झेंडा दिसत नाही.

विमा मिळतो का?

गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं: संघटित रेसिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल वगळून. त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान तुमच्या खिशातून. जी गाडी पूर्ण गेली तर घर हादरेल, ती ट्रॅकवर नेऊ नका. कर्जाचे हप्ते चालू असलेली तर नाहीच. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांचं वगळणं प्रमाणित मसुद्यात व्यावसायिक सहभागापुरतं आहे, पण अपघात विम्याची भाषा वेगळी असू शकते. कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या.

परवाना लागतो का?

फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, हीच देशातली मान्यताप्राप्त संस्था. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायला तिचा स्पर्धा परवाना लागतो. अर्ज तिच्या वेबसाइटवर. ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो, रक्तगट आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र तयार ठेवा. स्पर्धेच्या आठवड्यात अर्ज करणारे दर वेळी अडकतात.

किती खर्च येतो?

लोक प्रवेश फी पाहतात आणि प्रवास विसरतात. पुण्याहून कोइंबतूर किंवा चेन्नई जाऊन-येऊन सुमारे २,४०० किलोमीटर. लिटरला १५ धरले तर १६० लिटर पेट्रोल. शंभर रुपयांच्या भावाने सोळा हजार रुपये फक्त पोचण्या-परतण्याचे. त्यात टोल, दोन-तीन मुक्काम, ट्रॅकवरचं पेट्रोल, आणि परतल्यावर बदलायचे पुढचे पॅड धरा. म्हणून दूरच्या एका ट्रॅक डेच्या पैशात जवळचे तीन-चार ऑटोक्रॉस होत असतील तर पहिल्या वर्षी ऑटोक्रॉसच करा.

कोइंबतूरला भाड्याच्या फॉर्म्युला एलजीबी गाडीचाही पर्याय आहे. स्विफ्टचं १.३ लिटर इंजिन बसवलेली ही सिंगल-सीटर टीमकडून भाड्याने मिळते, तुम्ही फक्त हेल्मेट आणि सूट घेऊन जायचं. एकरकमी आकडा ऐकून छाती दडपते, पण स्वतःची रेस-कार बांधून ती सांभाळण्याच्या मानाने हे स्वस्त पडतं. ठोकली तर दुरुस्ती कुणाची, हे आधी कागदावर घ्या.

गाडीच नाही. तरी येऊ का?

जरूर या, मार्शल म्हणून. क्लबांना माणसं कायम कमी पडतात. वळणावर दिवसभर उभं राहिलं की कुठली गाडी कुठे ब्रेक लावते आणि कुठली कशी घसरते हे समोर दिसतं. पॅडॉकमध्ये ओळखी होतात, आणि विकाऊ गाड्यांची खबर तिथेच आधी लागते.

रोलकेज घातलेली गाडी रस्त्यावरून नेता येते का?

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमध्ये नोंदलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. शिवाय हेल्मेटशिवाय केजमध्ये बसणं मुळातच धोक्याचं, कारण साध्या धक्क्यातही डोकं पोलादी नळीवर आपटतं. म्हणून केज घातली की गाडी फ्लॅटबेडवरून न्यायची. चाकांना पट्टे बांधायचे, सस्पेन्शनला नाही, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा ताणायचे.